बघायला येऊ नये

१. ताप असलेल्या मुलास शाळेत पाठवू नये. ताप उतरल्यावर, गोळी न घेता पूर्ण चोवीस तास गेले, की मगच पाठवावे.

हे कलम नागेंद्र सरांनी शाळेच्या फळ्यावर, डेअरीच्या भिंतीवर आणि पालकांच्या ग्रुपवर टाकलं, आणि गावानं ते अक्षरशः पाळलं. घोटाळा झाला तो त्यामुळंच.

गाव निपाणीपासून आठ किलोमीटर, हायवे सोडून आत. शाळा सरकारी, मराठी, सातवीपर्यंत. जानेवारीचे दिवस, उसाची तोड जोरात, सकाळी धुकं, आणि वर्गात असा खोकला की सातचा पाढा म्हणताना निम्मी पोरं सात चोकलाच गळायची. म्हणून वरून आलेल्या कानडी परिपत्रकाचं मराठी करून सरांनी आठ कलमांचं पत्रक काढलं. त्याच दिवशी भरमूचा नातू सौरव, इयत्ता चौथी, तापानं फणफणला. भरमूनं पत्रक दोनदा वाचलं आणि पोराला घरी ठेवलं.

पोरगा घरी राहिला म्हणजे पोरगा आजारी. पोरगा आजारी म्हणजे त्याला बघायला जायला पाहिजे.

संध्याकाळी अख्खी चौथी सौरवला बघायला गेली. आयांनीच पाठवली, प्रत्येकाच्या हातात एक बिस्किटपुडा देऊन. पोरं त्याच्या अंथरुणावर बसली, त्याच्याच तांब्यातलं पाणी प्याली, आणि आळीपाळीनं त्याच्या कपाळाला हात लावून मोठ्या माणसासारखी म्हणाली, "लई तापलंय की रं." शाळेत सौरवच्या शेजारी एकटा रवळू बसायचा. घरी सगळा वर्ग त्याच्या गोधडीत होता.

सोमवारी चौथीतली अकरा पोरं गैरहजर. त्या अकरा जणांना बघायला तिसरी आणि पाचवी गेली.

आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्या घरी, गुंडाप्पा मगदूम जाऊन आले होते.

(कलम नाही, पण सांगायला हवं)

आजाऱ्याला बघायला जाण्यात आप्पांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. वय अडुसष्ट. चाळीस वर्षं हे व्रत. कावीळ असो, मोडलेला पाय असो, हर्निया असो, आप्पा हजर. बेळगावला खासबागेत साडूच्या सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन बस बदलून गेले होते, आणि त्या म्हातारीला पट्टीमुळं कोण आलंय ते दिसत नव्हतं, तर नाव सांगून, आवाज ओळखीचा करून देऊन आले.

त्यांची एक पद्धत होती. चपला दाराशी काढायच्या. उशाशी बसायचं. कपाळाला हात. मग गोळ्यांची पट्टी मागून घ्यायची, चष्मा लावून ती उलटी-सुलटी वाचायची, काही न कळता मान हलवायची. मग असाच आजार झालेल्या एखाद्या माणसाची गोष्ट सांगायची. त्या गोष्टीतला माणूस बहुतेक वेळा मरायचा. शेवटी उठताना म्हणायचं, "पर तुला काय हुत न्हाय." चहा झाला की दिवस मावळायच्या आत घरी, कारण मगदूम जैन, त्यांच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत.

एकच गोष्ट आप्पांनी कोणाला सांगितली नव्हती, बायकोला सोडून. चाळीस वर्षांत त्यांना स्वतःला बघायला कोणी आलं नव्हतं. प्रकृती दगडासारखी. एकदा टाचेत काटा मोडून पाय सुजला तेव्हा तिघं आले, पण ते शेताला जाता जाता.

"लोकांचं नशीब बघ," ते बायकोला, कांताक्काला, म्हणायचे, "तो मष्णू, कुणाच्या अध्यात न्हाय का मध्यात न्हाय. त्याचा अपेंडिक्स काढला तर दारात चपलांचा ढीग!"

"मग तुम्ही बी काढा की," कांताक्का म्हणायच्या.

९. आजारी मुलास बघायला जाऊ नये. (हे कलम छापील नाही. सोमवारी दुपारी पेनाने वाढवले. — मुख्याध्यापक)

सोमवारी संध्याकाळी शाळेच्या समितीची मीटिंग लागली. आप्पा समितीचे सभासद. पत्रक हातात घेऊनच उभे राहिले.

"सर, तुमची आठ कलमं मान्य. हे नववं कानडीत हाय काय?"

"न्हाय आप्पा. हे माझं."

"तरीच. सरकार एवढं निर्दयी लिहीत न्हाय."

माणसं हसली. आप्पांना चेव चढला. "मला सांगा, माणूस पडला आणि बघायलाच कुणी आलं न्हाय, तर त्यानं बरं तरी कशाला व्हायचं?"

भरमूनं मान डोलावली. मष्णूनंही डोलावली. दोन बायकांनी पदर डोळ्याला लावायची तयारी केली.

नागेंद्र सर तरुण होते, खानापूरकडचे, पण घाबरणारे नव्हते. म्हणाले, "आप्पा, पोराला घरी ठेवा म्हटलं ते कशासाठी? रोग एका जागी ऱ्हावा म्हणून. तुम्ही त्याला वरातीतल्या नवऱ्यासारखा दारोदार मिरवून आणलासा."

"मी?"

"सौरवकडं कोण गेलतं पहिलं? चौथीतल्या गुंडूकडं कोण गेलतं? तेजस्वीकडं?"

सरांचा आवाज खाली आला. "शुक्रवारी गॅदरिंग हाय. लेझमीत बत्तीस पोरं बसवलीती, दिवाळीपासनं. आज मैदानावर एकोणीस. आणि शिट्टी तुमच्या ऋतिकाची. गुंडूला बदली शिकवला हुता, तो बी पडला. पोरगी आडवी झाली तर लेझीम बंद करावी लागंल."

ऋतिका आप्पांची नात, सहावीतली. लेझमीच्या पथकात डाव बदलायचा तो शिट्टीवर. नऊ डाव, नऊ वेगळ्या शिट्ट्या. शाळा निघाल्यापासून शिट्टी पोराच्या तोंडात असायची. यंदा पहिल्यांदा पोरीच्या. ती स्टीलची शिट्टी आप्पांनीच संकेश्वरच्या बाजारातनं आणलेली, दहा शिट्ट्या वाजवून बघून. कलम पाच सांगत होतं की शिट्टी, पाण्याची बाटली, रुमाल एकमेकांचा वापरू नये, म्हणून ऋतिका ती गळ्यातनं काढत नव्हती, झोपतानासुद्धा.

"ऋतिका पडत न्हाय," आप्पा छाती काढून म्हणाले. "मगदुमांचं रक्त हाय. मी जन्मात कधी पडलो न्हा—"

आणि खोकले. एकदा नाही. मीटिंग संपेपर्यंत खोकले.

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सुनेनं, म्हणजे दिव्यानं, पेन्सिलीनं लिहिलेलं:

मंगळवार सकाळी ७ — १०१.४. आप्पा म्हणाले, थर्मामीटर बिघडलंय.

सकाळी ७.१० — १०१.६. म्हणाले, आता जास्तच बिघडलं.

दुपारी १ — १०२. म्हणाले, उन्हात ठेवलं असशील.

संध्याकाळी ५ — १०२.२. म्हणाले, कोण कोण येणार हायत?

७. घरात कोणी आजारी असेल पण मूल ठणठणीत असेल, तर मुलाने शाळेत यावे. आजारी माणसाने घरच्यांपासून अंतर ठेवावे, मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

मुलगा अरिहंत त्यांना स्कूटरवरनं निपाणीला डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी छाती तपासली, बोटाला चिमटा लावून बघितलं, म्हणाले, छाती साफ आहे, फ्लू आहे, विश्रांती घ्या, कोमट पाणी प्या. पण या वयात धाप लागली, छातीत दुखलं, नुसतं उठून बसायला दम लागला, तर उद्यावर टाकायचं नाही, लगेच यायचं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "असाच ताप आलेलं कुणी गेलं काय हो, यंदा?"

घरी आले तर सोप्यात ऋतिका उभी. एका हातात पत्रक, दुसऱ्या हातात पिशवीभर फक्की, मैदानावर रेषा मारतात ती.

"आप्पा, कलम सात."

"वाच."

तिनं वाचलं. मग अंगणापलीकडच्या तंबाखूच्या रिकाम्या खोलीत खाट पडली. दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. दिवसा उन्हाला बसायला शेणखताची जुनी ट्रॉली धुऊन, तिच्यात पाला आणि वर घोंगडं अंथरलं. खोली आणि ट्रॉली मिळून ऋतिकानं फक्कीचा गोल मारला, चांगला ऐसपैस.

"ह्याच्या आत कुणी यायचं न्हाय. आणि तुम्ही भायेर यायचं न्हाय."

"तुझी आज्जी?"

"ताट रेषेवर ठेवंल आणि मागं सरकंल."

"अगं पण लोक येतील की मला बघायला!" आप्पांच्या आवाजात जो आनंद होता तो त्यांना लपवता आला नाही.

ऋतिकानं गळ्यातली शिट्टी नीट केली.

(बुधवार. सकाळी साडेआठ ते साडेनऊ. शाळेआधी.)

पहिला आला भरमू. बगलेत शहाळं, हातात बिस्किटं, चेहरा पडलेला. चाळीस वर्षांचा दोस्त, थेट ट्रॉलीकडं निघाला.

फुर्रर्र!

भरमूचा पाय हवेतच थांबला.

"भरमूआज्जा, रेषेच्या भायेर!"

"अगं, तुझ्या आज्ज्याला बघायला आलोय मी."

"मग बघा की. तिथनं दिसतंय."

भरमूनं बघितलं. खरंच दिसत होतं. ट्रॉलीत उंचावर, घोंगड्यात, डोक्याला मफलर आणि तोंडाला मास्क बांधून आप्पा बसले होते, मिरवणुकीतल्या पुढाऱ्यासारखे.

मग मष्णू आला. मग मष्णूची बायको. मग सौरवची आई, डेअरीचा सेक्रेटरी, गिरणीवाला, तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवरच्या बाकांवर बसणारे सगळे. प्रत्येकानं एकदा तरी पाय आत टाकला, प्रत्येक वेळी शिट्टी झाली. साडेनऊपर्यंत रेषेबाहेर तीस-चाळीस माणूस. चपला कुठं काढायच्या ते कोणालाच कळेना, म्हणून काहींनी रेषेवर काढल्या आणि अनवाणी उभे राहिले.

आप्पांनी चपला मोजल्या नाहीत, पण डोळे भरून बघितल्या. "मष्णूच्या अपेंडिक्सला एवढ्या न्हवत्या," ते कांताक्काला ओरडून म्हणाले. मष्णू तिथंच उभा होता.

त्यानं लगेच परतफेड केली. लांबून, म्हणून मोठ्यानं. "आप्पा! असाच ताप माझ्या मेव्हण्याला आलता!"

"मग?"

"पहिलं दोन दिवस असाच बसायचा. बोलायचा. चहा प्यायचा."

"आणि मग?"

मष्णूनं बायकोकडं बघितलं. बायकोनं जमिनीकडं. "काय न्हाय," मष्णू म्हणाला. "पर तुम्हाला काय हुत न्हाय."

हे वाक्य आप्पांनी चाळीस वर्षं दारोदार वाटलं होतं. अंथरुणाच्या बाजूनं ते कसं ऐकू येतं, ते आज कळलं. त्यांनी गुपचूप हात छातीवर ठेवून धाप लागतेय का ते बघितलं. लागत नव्हती.

पालक ग्रुप, बुधवार, १०.०५

नागेंद्र सर: आज पूर्ण शाळेत गैरहजर १४. काल २३ होते. धन्यवाद. फक्त सर्दी असेल, ताप नसेल, पोर खेळत-जेवत असेल तर कलम २ प्रमाणे शाळेत पाठवा. घाबरून घरी ठेवू नका.

सौरवची आई: सर सौरवचा ताप काल सकाळी गेला. गोळी परवाच बंद. येऊ दे ना?

नागेंद्र सर: येऊ दे.

गिरणी: आप्पा मगदुमांना बघून आलो. लांबून. चांगले दिसतात.

मष्णू: माझ्या मेव्हण्याचा फोटो सापडला. टाकू?

दिव्या मगदूम: नको.

(बुधवार दुपार. शिट्टी शाळेत.)

खरी परीक्षा दुपारी आली. ऋतिका सरावाला, दिव्या शेतात, कांताक्का आत पडलेल्या. अंगणात नुसतं ऊन. आप्पांचं अंग मोडून आलं होतं, तोंड कडू, आणि ट्रॉलीत एकट्या माणसाला जे सुचतं ते सगळं सुचून झालं होतं.

कुंपणाकडनं भरमू आला. इकडंतिकडं बघितलं.

"पोरगी शाळंत न्हवं?"

"व्हय."

"मग येऊ काय आत? लांबनं वरडून घसा बसला माझा. असं शेजारी बसल्याशिवाय बघितल्यासारखं वाटंना बघ."

आप्पांना काय हवं होतं ते सगळं समोर उभं होतं. शेजारी बसणारा माणूस. कपाळावर हात. पट्टी वाचून हलणारी मान. भरमूचा एक पाय फक्कीवर आला, पांढरा झाला.

"नगं," आप्पा म्हणाले.

"आँ?"

"नगं म्हटलं की. तू माझ्या कपाळाला हात लावणार. मग सोप्यात बसून कांताकडनं चहाचा कप घेणार. संध्याकाळी कांता पोरीची वेणी घालणार. उद्या पोरगी तापणार. परवा शिट्टी कोण वाजवणार, तू?"

"मला दात न्हाईत."

"तेच म्हणतोय. पाय माघारी घे."

भरमूनं पाय मागं घेतला. दुखावला होता. जाईना मात्र. रेषेबाहेर उकिडवा बसला आणि तिथनंच विचारलं, "पट्टी तरी दाखीव की गोळ्यांची."

आप्पांनी पट्टी उंच धरली. पंधरा फुटांवरनं भरमूनं डोळे बारीक करून ती वाचली, काही कळलं नाही, आणि मान हलवली.

आप्पांना एकदम बरं वाटलं.

१. (पुन्हा. शेवटचा भाग.) ...गोळी न घेता पूर्ण चोवीस तास...

शुक्रवारी सकाळी थर्मामीटरनं अठ्ठ्याण्णव दाखवलं. आप्पांनी दाढी केली, ठेवणीतलं धोतर नेसलं, फेटा मागवला. दुपारी चारला गॅदरिंग.

ऋतिका रेषेवर आली. अंगावर लेझमीचा पोशाख, कपाळाला टिकली, तिला साधी शिंकसुद्धा आली नव्हती.

"आप्पा, अठ्ठ्याण्णव गोळी घेऊन, का बिनगोळीचं?"

आप्पा ट्रॉलीच्या चाकाकडं बघू लागले. याच तोंडानं त्यांनी मागच्या एका मीटिंगमध्ये आयांना झापलं होतं, की सकाळी नऊला गोळी देऊन पोर शाळेत ढकलता आणि दुसऱ्या तासाला ते परत तापतं.

"शेवटची कवा घेतली?"

"...काल. सहाला. संध्याकाळी."

"म्हंजे आज सहाला चोवीस तास व्हतात. कार्यक्रम चारला."

"दोन तास तर कमी पडत्यात! कंडक्टर बी दोन मिनिटं थांबतोय!"

आप्पांनी थेट ग्रुपवर टाकलं, एका बोटानं, स्वतः: "सर २२ तास चालतील काय. गुं. मगदूम, सभासद." उत्तर लगेच आलं: "नाही आप्पा." खाली सौरवच्या आईचा नमस्काराचा हात. त्याखाली मष्णूचा फोटो, मेव्हण्याचा.

ऋतिका गेली. जाताना मागं वळून बघत गेली, आणि तेच आप्पांना जास्त लागलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

साडेतीनला भरमूचा ट्रॅक्टर अंगणात आला. भरमूनं ट्रॉलीची दांडी हुकात अडकवली, खिळा घातला, आणि पुढं बघतच ओरडला, "मास्क लाव! आणि धरून बस!"

४. हवा खेळती ठेवावी.

शाळेच्या कंपाउंडबाहेर, बाभळीखाली, स्टेजपासून लांब पण मैदान दिसेल अशा जागी ट्रॉली लागली. खेळती हवा यापेक्षा जास्त कुठंच नव्हती. नागेंद्र सर धावत आले, ट्रॉलीकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, वारा कुठनं येतोय ते बोट ओलं करून बघितलं, आणि परत गेले.

मैदानात एकोणतीस पोरं रांगेत. सौरव दुसऱ्या रांगेत, अजून जरा फिकट. ऋतिका पुढं.

इथं एक चूक झाली. बसलेल्यांपैकी कोणाला तरी भिंतीवरनं फेटा दिसला.

"आप्पा आलेत की!"

एक मान वळली, मग दहा, मग सगळं गाव उलटं होऊन बसलं. तीन दिवस लांबून बघावं लागलेला माणूस जवळ आलेला. बायकांनी पिशव्यांत हात घातले, बिस्किटपुडे बाहेर आले. मष्णू उठला. त्याच्यामागं गिरणीवाला, डेअरीवाला, आणि माणसांचा लोंढा भिंतीकडं निघाला. स्टेजसमोर खुर्च्या रिकाम्या आणि मैदानात एकोणतीस पोरं लेझीम धरून उभी, प्रेक्षकांच्या पाठीकडं बघत.

चाळीस वर्षं आप्पांनी ज्याची वाट बघितली तेच चालून येत होतं, आणि ते दोन्ही हातांनी त्याला हाकलत होते. "माघारी जावा! अरं, तिकडं बघा! मला काय बघताय, मी मेलो न्हाय अजून!" मास्कमधनं अर्धं ऐकू जात होतं, आणि लोकांना वाटलं आप्पा बोलावतायत. लोंढा जोरात निघाला.

फुर्रर्रर्रर्र!

सगळे जागच्या जागी थांबले. मष्णूचा पाय हवेत. तीन दिवसांची सवय. गावातला एक माणूस पुढं सरकला नाही. सगळ्यांनी आपापल्या पायाखाली फक्की शोधली. मग हळूहळू माना वळल्या.

ऋतिकानं पाठ वळवली नव्हती की चेहरा बदलला नव्हता. तिनं दुसरी शिट्टी दिली, आखूड, दोनदा. एकोणतीस लेझमी एकदम खणाणल्या.

माणसं जिथं होती तिथंच खाली बसली, भिंतीपासून मैदानापर्यंत, मातीत. नऊ डाव झाले. पाचव्याला शिट्टी लांब होती, आप्पांना माहीत होतं, घरी शंभरदा ऐकलेली. ती सुरू झाल्यावर त्यांनीही श्वास धरला. त्यांचा आधी संपला.

बक्षिसं, भाषणं, फोटो. सूर्य उसाच्या तुऱ्यांपर्यंत उतरला. कांताक्का भिंतीपलीकडनं हाका मारू लागल्या की जेवणाची वेळ टळतेय.

सहाला दोन मिनिटं कमी असताना ऋतिका ट्रॉलीपाशी आली आणि हात मागं बांधून उभी राहिली. भरमूनं मोबाईल बघितला. "झालं सहा," तो म्हणाला.

तिनं चपला चाकाशी काढल्या. ट्रॉलीत चढली. उशाशी बसली. मागचा हात पुढं आला, त्यात बिस्किटपुडा होता, तो घोंगड्यावर ठेवला. आज्ज्याच्या कपाळाला हात लावला. मग गोळ्यांची पट्टी मागून घेतली, उलटी-सुलटी वाचली आणि मान हलवली.

"असाच ताप एकाला आलता," ती गंभीरपणे म्हणाली.

आप्पांनी विचारलं, "मग?"

"मग काय. ट्रॉलीत बसलाय. पुडा फोडा, भूक लागलीय."